किलिमांजारोचा ट्रेक आणि सेरेंगेटीतली तंबूतली सफारी एकाच दौऱ्यात: या चुका टाळा

उत्तर टांझानियात किलिमांजारोच्या पायथ्यापासून सेरेंगेटीपर्यंत एका दिवसात गाडीने पोचता येतं. एवढ्या लांबचं तिकीट काढलंच आहे तर दोन्ही करू, हा विचार रास्तच आहे. ट्रेकची तयारी लोक मनापासून करतात, सफारीचीही करतात. घोळ होतो तो दोन्हींच्या सांध्यावर: दिवसांच्या हिशोबात, औषधांत, बॅगेत, आणि डोंगरावरच्या सवयी तशाच रानात नेण्यात. खालच्या बहुतेक चुका याच सांध्यावरच्या आहेत.

मे महिन्याची सुट्टी धरणे

मुलांच्या सुट्ट्या पाहून मे ठरवला जातो. तिथे मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो. डोंगराच्या खालच्या जंगलात चिखल, वर बर्फ, आणि सफारीच्या कच्च्या रस्त्यांवर गाड्या रुतलेल्या. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात गेली तर छोटा पाऊस गाठतो. जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे दोन कोरडे काळ दोन्ही गोष्टींना चालतात. सह्याद्रीत पाऊस कोसळत असतो तेव्हा तिथे आकाश स्वच्छ असतं, हे आपल्या ट्रेकरांच्या पथ्यावर पडतं.

महिना ठरला की जागाही त्याच्याशी जुळवा. विल्डबीस्टचे (गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप वर्षभर फिरत असतात. फेब्रुवारीत ते दक्षिणेला एंडुटूच्या गवताळ पट्ट्यात असतात आणि तिथेच पिल्लं जन्मतात. मारा नदी ओलांडताना पाहायचे असतील तर जुलै ते सप्टेंबरमध्ये सेरेंगेटीच्या अगदी उत्तर टोकाला जावं लागतं. फेब्रुवारीत उत्तरेचा मुक्काम घेतला, तर गवत दिसेल, कळप दिसणार नाहीत.

सफारी आधी, डोंगर नंतर

सर्वात महागात पडणारी चूक हीच. आधी प्राणी पाहू, तेवढीच हवेची सवय होईल, असं वाटतं. पण सेरेंगेटीतलं सेरोनेरा साधारण १,५०० मीटरवर आहे आणि एंगोरोंगोरो विवराची कड साधारण २,३०० मीटरवर. तिथल्या एक-दोन रात्रींनी किलिमांजारोच्या ५,८९५ मीटरची तयारी होत नाही. उलट चार दिवस धुळीत काढून सुरू झालेला खोकला आणि बाहेरच्या खाण्याने बिघडलेलं पोट घेऊन तुम्ही चढाईला उभे राहता. विरळ हवेत दोन्ही वाढतात. मलेरियाचा मुद्दा तर याहून गंभीर आहे, त्याबद्दल पुढे.

डोंगर आधी ठेवा. उतरल्यावर पायांना विश्रांती हवीच असते, आणि सफारीत दिवसभर गाडीतच बसायचं असतं.

गटाच्या तारखांमुळे सफारी आधी येतच असेल, तर मधे एक पूर्ण दिवस मोशी किंवा अरुशा शहरात ठेवा. पोट, घसा आणि ताप तपासूनच गेटवर जा.

उंचीची खरी सवय करायची असेल तर माउंट मेरू (४,५६६ मीटर) आधी करा. अरुशा राष्ट्रीय उद्यानातला हा ट्रेक तीन-चार दिवसांचा असतो. वाटेत रानम्हशी आणि जिराफ असल्याने बंदूकधारी रेंजर सोबत असतो. मात्र मेरू झाला की थेट किलिमांजारोवर जा. मधे पाच दिवस सखल भागात काढले तर शरीराने कमावलेलं बरंचसं हातचं जातं. सुट्टी आठ-नऊ दिवसांचीच असेल, तर किलिमांजारो घाईत उरकण्यापेक्षा मेरू आणि तरंगिरे राष्ट्रीय उद्यान ही जोडी कितीतरी समाधानाची आहे.

दिवस काटणे

पाच दिवसांचा मरांगू मार्ग स्वस्त पडतो, मुक्कामाला लाकडी झोपड्या असतात, म्हणून तो घेतला जातो. पण त्यात शरीराला वेळच मिळत नाही, आणि शिखर हुकण्याचं मुख्य कारण तेच असतं. कळसूबाई दर महिन्याला चढणाऱ्यांनीही हा हिशोब करावा: कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर, आणि किलिमांजारोचं माचामे गेटच साधारण १,८०० मीटरवर. सह्याद्रीतल्या सरावाने पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. माचामे मार्गाला किमान सात दिवस द्या, लेमोशो मार्गाला आठ. या मार्गांवर लाव्हा टॉवरपर्यंत (सुमारे ४,६०० मीटर) चढून रात्री बरांकोला (सुमारे ३,९५० मीटर) उतरायचं असतं. दिवसा उंच जायचं आणि झोपायला खाली यायचं, या दिवसाचा फायदा शिखराच्या रात्री होतो. तो दिवस गाळलेला मार्ग घेऊ नका.

उतरलेल्या दिवशीच सफारीची गाडी ठरवणं ही याचीच बहीण. बराफू कॅम्प (४,६७३ मीटर) मध्यरात्रीच्या सुमाराला सोडायचा, घसाऱ्यावरून शिखर गाठायचं, आणि त्याच दिवशी म्वेका कॅम्पपर्यंत (सुमारे ३,१०० मीटर) उतरायचं. म्हणजे एका दिवसात २,८०० मीटरचा उतार. दुसऱ्या दिवशी गेटपर्यंत आणखी साधारण १,४०० मीटर. गुडघे आणि पायाचे अंगठे सुजलेले असतात. एक पूर्ण रात्र आणि शक्यतो पुढचा दिवस हॉटेलात काढा: अंघोळ, कपडे धुणं, बॅगेची अदलाबदल.

सफारीतही तीन दिवसांत सेरेंगेटी कोंबू नका. अरुशाहून सेरोनेरा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि गेटांवरचे परवाने धरून सात-आठ तास सहज जातात. तीन दिवस असतील तर तरंगिरे आणि एंगोरोंगोरो करा. सेरेंगेटी हवी असेल तर पाच दिवस द्या. एकूण मांडणी अशी धरा: पोचल्यावर एक मोकळा दिवस, सात-आठ दिवस डोंगर, एक दिवस विश्रांती, पाच दिवस सफारी. घरून निघून घरी येईपर्यंत १६-१७ दिवस.

पहिला मोकळा दिवस खर्चिक वाटला तरी काढू नका. विमान बदलताना बॅग मागे राहिली, तर ती यायला तेवढाच वेळ हातात असतो. बूट पायात घालूनच विमानात बसा. वॉटरप्रूफ जाकीट, औषधं आणि हेडटॉर्च हातातल्या बॅगेत ठेवा. स्लीपिंग बॅग, जाड जाकीट, काठ्या मोशीत भाड्याने मिळतात. सरावलेले बूट मिळत नाहीत.

औषधं: दोन याद्या वेगळ्या धरणे

डोंगरावर डास नाहीत म्हणून मलेरियाच्या गोळ्या थांबवणारे बरेच भेटतात. पण मोशी सुमारे ९०० मीटरवर आहे आणि तिथे डास असतात. उतरल्यावर पुन्हा त्याच भागात राहायचं असतं. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेत असाल तर प्रवासाआधी एक-दोन दिवस सुरू करून, डोंगरावरही रोज एक आणि मलेरियाचा भाग सोडल्यावर सात दिवस घ्यायची असते. १५ दिवसांच्या मुक्कामाला २४ गोळ्या धरा.

गोळी कोणती, हेही डॉक्टरांशी बोलताना दोन्ही टप्पे सांगूनच ठरवा. डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हाला हळवी होते, आणि किलिमांजारोवरचं ऊन फार कडक असतं. मेफ्लोक्विनने काहींना चक्कर येते, झोप उडते. उंचीच्या त्रासाचीही हीच लक्षणं असल्याने गाईडला काय चाललंय ते कळत नाही. उंचीसाठी ॲसिटाझोलामाइड घ्यायची असेल, तर नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं, ते अपेक्षित आहे. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ही गोळी घरी असताना एक-दोन दिवस घेऊन पाहिलेली बरी.

केनिया किंवा इथिओपियामार्गे जात असाल तर पीतज्वराच्या लसीची अट आधी तपासा. लस अधिकृत केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

डोकं दुखतंय: नेमकं काय झालंय?

आधी अर्धा-पाऊण लिटर पाणी किंवा ओआरएस द्या आणि तासभर बसवा. उतार पडला तर बहुधा पाणी कमी पडलं होतं. डोकेदुखीसोबत मळमळ, भूक नाही, थकवा असेल तर उंचीचा त्रास समजा आणि त्या दिवशी वर चढू नका. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालायला सांगा. तोल जात असेल किंवा बोलणं विस्कळित असेल तर मेंदूला सूज आहे असं धरा. बसल्या जागी धाप लागत असेल तर फुप्फुसात पाणी. दोन्हींत रात्र असो वा पाऊस, ताबडतोब खाली उतरवा, किमान ३०० मीटर आणि जमेल तितकं आणखी. गोळी देऊन सकाळची वाट पाहणं जिवावर बेततं.

आणि थर्मामीटर लावा. साध्या उंचीच्या त्रासात ताप नसतो. मलेरिया चावल्यापासून साधारण सात दिवसांनंतर डोकं वर काढतो. म्हणूनच सफारी आधी केलेल्यांना तो नेमका डोंगरावर गाठू शकतो, आणि डोकेदुखी-मळमळ पाहून सगळे ती उंचीच समजतात. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप असेल तर खाली उतरून त्याच दिवशी रक्ततपासणी करा. घरी परतल्यावर ताप आला तरी आपल्या डॉक्टरांना आफ्रिकेचा प्रवास सांगा. तिथला फाल्सिपारम प्रकारचा मलेरिया झपाट्याने वाढतो.

त्रासामुळे अर्ध्यातून उतरलेल्यांनी सफारी रद्द करायची गरज नसते, पण क्रम बदला. पहिला मुक्काम तरंगिरेला घ्या. ते ठिकाण सखल आहे. फुप्फुसाचा किंवा मेंदूचा त्रास झालेला असेल, तर डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय एंगोरोंगोरोच्या कडेवर झोपू नका.

एकच बॅग, एकच सवय

पोर्टरकडे द्यायची डफल साधारण १५ किलोंच्या आत हवी. गेटवर ओझं वजन करूनच पुढे सोडतात, आणि ते माणसाच्या डोक्यावरून जाणार असतं. दुर्बीण, मोठी लेन्स, सफारीचे सुती कपडे मोशीच्या हॉटेलात ठेवा. उतरल्यावर उलटी चूक होते: आता गरम कपडे कशाला, म्हणून सगळं मागे ठेवलं जातं. एंगोरोंगोरोच्या कडेवर सिम्बा कॅम्पसाइटवर रात्री दात वाजतात. जाड जाकीट, कानटोपी आणि स्लीपिंग बॅग सोबत असू द्या. सेरेंगेटीत तीच बॅग उकडते, तिथे फक्त आतलं अस्तर पुरतं.

गडद निळे आणि काळे कपडे सफारीत नकोत. त्सेत्से माशीला हेच रंग खेचतात, आणि तिथे लावलेले सापळेही याच रंगांच्या कापडाचे असतात. तिच्यावर डासांचं मलम फारसं चालत नाही आणि पातळ कापडातूनही ती चावते. डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम प्लास्टिकला खातं: चष्मा, घड्याळ, कॅमेऱ्याची पकड सांभाळा. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, म्हणून सामान कापडी पिशव्यांत बांधा.

डोंगरावर तंबूत चिक्की, सुका मेवा, बार ठेवायची आणि बूट बाहेरच्या पडवीत काढायची सवय लागते. ताडोबात गाभ्याच्या जंगलात मुक्काम नसतो. सेरेंगेटीच्या सार्वजनिक कॅम्पसाइटला मात्र कुंपणच नसतं. खाण्याचा कण, टूथपेस्टसुद्धा, तंबूत नको. ते सगळं गाडीत किंवा जाळीच्या स्वयंपाकघरात ठेवा. बूट आत घ्या, तरस चामडं चघळत पळवतात. रात्री बाहेर जायचं तर आधी चेन थोडी उघडून हेडटॉर्च सावकाश चहूकडे फिरवा. चमकणारे डोळे दिसले तर चेन लावून थांबा. लघवीसाठी रुंद तोंडाची वेगळी खूण केलेली बाटली दोन्हीकडे कामाला येते. विवरातल्या सहलीच्या जागी डबा उघड्यावर खाऊ नका. घारी हातातला घास नेतात, नखं लागतात. गाडीत बसूनच जेवा.

शिखराच्या रात्री पाण्याच्या पिशवीची नळी गोठते. बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घाला आणि उलटी ठेवा, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आदल्या रात्रीपासून स्लीपिंग बॅगेत, अंगाशी ठेवा.