क्युरेटिंगनंतरची पाळी आणि पुन्हा दिवस राहणे: तारखा कशा मोजाव्या

गर्भपातानंतर ज्या दिवशी गर्भाची पिशवी साफ केली (म्हणजे क्युरेटिंग), त्या तारखेवर कालनिर्णयमध्ये शून्य लिहा. पुढचा सगळा हिशेब इथून सुरू होतो. बहुतेकींचा गोंधळ होतो तो या हिशेबातच. क्युरेटिंगनंतर चार-आठ दिवस, कधी दोन आठवडेही, थोडे थोडे रक्त जाते. मध्येच थांबून पुन्हा डाग दिसतात. ही पाळी नव्हे. ती धरून पुढचे दिवस मोजले की सगळेच चुकते.

इस्पितळातून निघण्याआधी डिस्चार्ज कार्ड वाचा. गर्भ किती आठवड्यांचा होता, पिशवी सक्शनने साफ केली की क्युरेटने खरवडून, हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता आणि काढलेला भाग तपासणीला पाठवला का, एवढे त्यावर असलेच पाहिजे. नसेल तर तिथेच लिहून घ्या. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल लगेच विचारा, कारण ते ७२ तासांच्या आत घ्यायचे असते. बायोप्सीचा रिपोर्ट आणायला मात्र कोणी परत जात नाही. जरूर जा. द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखी वाढ) निघाला तर रक्तातले बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणात तयार होणारे संप्रेरक, शून्यावर येईपर्यंत आणि पुढेही डॉक्टर सांगतील तोवर तपासत राहावे लागते, आणि त्या काळात गर्भ राहू द्यायचा नसतो.

पाळी साधारण ४ ते ६ आठवड्यांनी येते. आठव्या आठवड्यापर्यंत वाट पाहायला हरकत नाही. उशीर होतो तो गरोदरपणातल्या एचसीजीमुळे. ते रक्तातून उतरल्याशिवाय अंडाशय नव्याने कामाला लागत नाही. दहा-अकरा आठवड्यांचा गर्भ असेल तर उतरायला जास्त दिवस लागतात. म्हणूनच घरी केलेली प्रेग्नन्सी टेस्ट तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह दिसू शकते. स्त्रीबीज सुटण्याचा दिवस सांगणाऱ्या पट्ट्याही तोवर फसवतात, कारण त्या एचसीजीलाच एलएच (बीज सुटण्याआधी वाढणारे संप्रेरक) समजतात. चार आठवड्यांनंतरही टेस्ट पॉझिटिव्ह असेल तर रक्त तपासून घ्या. आत काही उरले आहे किंवा नवा गर्भ राहिला आहे, दोन्ही शक्य असते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. स्त्रीबीज पाळीच्या आधी सुटते, नंतर नव्हे. क्युरेटिंगनंतर दोन आठवड्यांतच ते सुटू शकते. 'अजून पाळीच आली नाही, मग दिवस कसे राहतील' या भरवशावर राहू नका. इतक्यात मूल नको असेल तर गोळ्या त्याच दिवशी सुरू करता येतात, आणि जंतुसंसर्ग नसेल तर तांबीही तेव्हाच बसवता येते. हे डॉक्टरांनी आपणहून सांगितले नाही तर तुम्ही विचारा. रक्त पूर्ण थांबेपर्यंत संबंध, टँपन, कप आणि समुद्रात किंवा तळीत उतरणे टाळा. पिशवीचे तोंड पूर्ण मिटलेले नसते, जंतू वर चढतात.

पहिली पाळी नेहमीपेक्षा जास्त जाऊ शकते, दुखूही शकते. दोन-तीन महिन्यांत घडी बसते. पण रक्त नुसते डागापुरते आले, किंवा आलेच नाही आणि दर महिन्याला ठरावीक दिवशी ओटीपोटात कळा मात्र येतात, तर पिशवीच्या आत पापुद्रे चिकटलेले असू शकतात. पुन्हा पुन्हा खरवडल्याने ही भीती वाढते. दुर्बिणीने तपासून ते सोडवता येतात, त्यामुळे वर्षभर अंगावर काढू नका.

सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड चिंब होत असतील, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप असेल, स्रावाला घाण वास येत असेल, चक्कर येत असेल किंवा गोळीनेही पोट दुखायचे थांबत नसेल तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. गोव्यात म्हापशाचे आझिलो (उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ), मडगावचे हॉस्पिसियो (दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ) किंवा बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज, जे जवळ असेल तिथे जा. सत्तरीच्या आतल्या गावांतून किंवा काणकोणातून पोचायला वेळ लागतो, आणि दिवाडीसारख्या बेटावर फेरी मिळावी लागते. तिथल्यांनी तर जास्तच लवकर निघावे.

मूल हवे असेल तर किती थांबायचे? चवथीला घरात जमलेल्या बायका वर्षभर थांबायला सांगतील. पूर्वी सहा महिने सांगत. साध्या गर्भपातानंतर तेवढे थांबून फायदा होतो असे नंतरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. एक नीट पाळी येऊ द्यावी, कारण मग नव्या गर्भाच्या तारखा सहज काढता येतात. त्याआधीच दिवस राहिले तर घाबरायचे कारण नाही. फोलिक अॅसिड मात्र आतापासूनच रोज घ्या, निदान ४०० मायक्रोग्रॅम. मधुमेह किंवा फिट्स असतील तर डोस मोठा असतो, तो डॉक्टरच ठरवतील. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाची गोळी घ्या, पण चहाबरोबर नको. तांबडी भाजी, तिसऱ्या खा, पण त्या गोळीची जागा घेणार नाहीत.

दिवस मोजायचे असे: पाळी ३२ दिवसांनी येत असेल तर त्यातून १४ वजा करा. अठराव्या दिवसाच्या आसपास बीज सुटते. ते जेमतेम एक दिवस टिकते, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. म्हणून तेराव्यापासून अठराव्यापर्यंत एक दिवसाआड संबंध पुरे. तेव्हा स्राव अंड्याच्या पांढऱ्यासारखा तार धरतो, ती खूण पट्टीइतकीच कामाची. सुरुवातीचे दोन महिने हे गणित हुकेल, त्यावरून निराश होऊ नका.

स्कूटर चालवली, जिना चढला, कळशी उचलली म्हणून गर्भ पडत नाही. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो. एका गर्भपातानंतर तपासण्यांचा सपाटा लावायची सहसा गरज नसते. दोन झाले तर थायरॉईड, साखर, अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (रक्त गोठवणारी प्रतिद्रव्ये) आणि पिशवीचा आकार पाहून घ्या.

पुन्हा टेस्ट पॉझिटिव्ह आली की जुने कार्ड घेऊन जा आणि मध्ये पाळी आली होती की नाही ते सांगा. सोनोग्राफी सातव्या आठवड्याच्या सुमारास करा. सहा आठवड्यांच्या आत केली तर ठोके दिसतीलच असे नाही, आणि विनाकारण धसका बसतो.