डिस्कची लाँग टेस्ट: विंडोज आणि मॅक कुठे अडवतात आणि तिथून पुढे कसं जायचं

तुळशीची लग्नं होऊन आठवडा झाला होता. तासगावच्या एका फोटोग्राफरदादाचा फोन आला. "ताई, दोन टीबीची यूएसबी डिस्क आहे. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्राममध्ये निळं 'गुड' दिसतंय. पण एका लग्नाचं फोल्डर कॉपी करायला गेलो की पट्टी मध्येच थांबते. विंडोजमध्ये डिस्क टेस्ट करायचं बटण कुठं असतं?"

ते बटण विंडोजमध्ये नाही. सांगलीत दुरुस्तीचं दुकान चालवताना हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की आता सगळं लिहूनच ठेवते. कमांड इंग्रजीत टाइप करायच्या असतात, पण मी त्या फोनवर बोलून सांगते तशाच इथे दिल्या आहेत. 'जागा' म्हटलं की स्पेसबार दाबायचा. मुद्दाम 'मोठा' म्हटलं नसेल तर सगळी अक्षरं छोटी.

आधी हे समजून घ्या की सेल्फ-टेस्ट डिस्क स्वतः करते. डिस्कच्या सर्किट बोर्डावर तिचा स्वतःचा प्रोग्राम असतो, तोच सगळा पृष्ठभाग वाचून बघतो. या पूर्ण वाचनाला लाँग टेस्ट म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिम फक्त "सुरू कर" हा निरोप आत पोचवते आणि नंतर निकाल बाहेर आणते. त्यामुळे अडचण येते ती निरोपाच्या वाटेवर. विंडोज, मॅक, यूएसबी डिस्कच्या डबीतली (बाहेरच्या खोक्यातली) चिप, यांपैकी कोणीही तो निरोप अडवू शकतं. तेव्हा पडद्यावर काहीतरी 'ओके' दिसत असतं आणि चाचणी मात्र झालेलीच नसते. दादांच्या डिस्कचं नेमकं हेच झालं होतं.

क्रिस्टलडिस्कइन्फो चांगला आहे, मीही वापरते. पण तो डिस्कने नोंदवलेले आकडे वाचून दाखवतो, चाचणी सुरू करत नाही. विंडोजचं स्वतःचं 'ओके' त्याहून तोकडं आहे. डिस्कने स्वतःच "मी जाणार" असं जाहीर केलं तरच ते बदलतं. हे जाहीर करणंही उत्पादकाने ठरवलेली मर्यादा ओलांडल्यावरच होतं. एकूण तब्येत 'पास्ड' आणि लाँग टेस्ट नापास, अशा डिस्क माझ्या टेबलावर नेहमी येतात. विंडोजची चेकडिस्क ही कमांड तर वेगळीच गोष्ट आहे. ती फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे त्याची नोंद, तपासते, आणि 'स्लॅश आर' लावलं तर विंडोजमार्फत सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाचते. शिवाय तेव्हा ती दुरुस्तीही करते, म्हणजे डिस्कवर लिहिते. ज्या डिस्कवर कोणाच्या लग्नाची एकमेव प्रत आहे, तिच्यावर चेकडिस्क चालवू नका. मी हे हात जोडून सांगते.

म्हणून चाचणीच्याही आधी कॉपी. लाँग टेस्ट काही लिहित नाही, पण तासन्‌तास सगळा पृष्ठभाग वाचते, आणि आजारी डिस्कला तेवढं वाचनही झेपत नाही. दादांना मी डिस्क काढून दुकानात आणायला लावलं. लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावून आधी पूर्ण प्रत घेतली. तो प्रोग्राम सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळतो. प्रत हातात आल्यावरच टेस्ट.

विंडोजवर टेस्ट लावायची तर स्मार्टमॉनटूल्स हे मोफत पॅकेज बसवा. माउसनेच काम करायचं असेल तर त्याच्यावर बसणारा जीस्मार्टकंट्रोल घ्या. कमांड प्रॉम्प्ट 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करूनच उघडायचा. डिस्कला थेट आज्ञा द्यायचा अधिकार साध्या खात्याला नसतो, तो लिनक्सवरही नसतो. स्मार्टमॉनटूल्सच्या कमांडचं नाव स्मार्टसीटीएल. आता टाइप करा: स्मार्टसीटीएल, जागा, डॅश डॅश स्कॅन. डिस्कची यादी येईल. विंडोजवरही नावं लिनक्ससारखीच येतात, स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए, एसडीबी अशी. मग: स्मार्टसीटीएल, जागा, डॅश सी, जागा, डिस्कचं नाव. यात लाँग टेस्टला किती मिनिटं लागतील ते डिस्क स्वतः सांगते. दादांच्या डिस्कने साडेपाच तासांच्या वर सांगितलं. शॉर्ट टेस्ट साधारण दोन मिनिटांची असते. ती नापास झाली तर पुढे जायची गरज नाही, पण पास झाली म्हणून डिस्क चांगली ठरत नाही, कारण ती पृष्ठभागाचा थोडाच भाग वाचते. सुरू करायला: स्मार्टसीटीएल, जागा, डॅश टी, जागा, लाँग, जागा, डिस्कचं नाव.

यूएसबी डबीतली चिप ओळखता आली नाही असा निरोप आला, तर कमांडमध्ये स्मार्टसीटीएलनंतर 'डॅश डी, जागा, सॅट' घाला. पुष्कळ डब्या त्याने बोलत्या होतात. तरीही नाही झाल्या तर डिस्क डबीतून काढून सरळ साटा केबलने (कॉम्प्युटरच्या आत डिस्क जोडतात त्या केबलने) जोडायची. काही पोर्टेबल डिस्कना मात्र बोर्डावरच यूएसबी असते, तिथे साटाचं तोंडच नसतं. म्हणून उघडण्याआधी बघा, जोर लावू नका.

सगळ्यात जास्त टेस्ट फसतात त्या झोपेमुळे. लाँग टेस्ट चालू असताना विंडोजच्या दृष्टीने डिस्कवर काहीच चाललेलं नसतं, कारण काम सगळं आतल्या आत आहे. लॅपटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये 'इतक्या मिनिटांनी हार्ड डिस्क बंद करा' असा पर्याय असतो, तो 'कधीच नाही' करा. लॅपटॉपची झोपही बंद करा आणि चार्जर लावून ठेवा. डबीची चिपसुद्धा स्वतःहून डिस्क झोपवते, आणि तिच्यावर विंडोजची सत्ता चालत नाही. तिच्यासाठी मी दर मिनिटाला डिस्कला स्थिती विचारणारी छोटी स्क्रिप्ट चालू ठेवते. पण टेस्टच्या वेळी त्याच डिस्कवरून फोटो उघडत बसू नका. तुमचं काम आलं की डिस्क चाचणी बाजूला ठेवून आधी तुम्हाला उत्तर देते, आणि पाच तासांचे दहा होतात.

मॅकवाल्यांची गोष्ट वेगळी. डिस्क युटिलिटीत आतल्या डिस्कपुढे 'व्हेरिफाइड' दिसतं, यूएसबी डिस्कपुढे 'नॉट सपोर्टेड'. या दुसऱ्या शब्दांनी लोक घाबरतात. पण त्यात डिस्कचा दोष नाही. यूएसबीवरून ही माहिती आणायची वाटच मॅकओएसने दिलेली नाही. त्यासाठी बाहेरचं कर्नल एक्स्टेन्शन, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात बसणारी जोड, मिळतं, पण अॅपल सिलिकॉनच्या (अॅपलच्या स्वतःच्या चिपच्या) मॅकवर त्याकरता रिकव्हरीत जाऊन सुरक्षेची पातळी खाली आणावी लागते. एका चाचणीसाठी ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. डिस्क दुसऱ्या मशीनला लावा. साटा डिस्क असलेल्या जुन्या मॅकवर स्मार्टसीटीएल शॉर्ट आणि लाँग दोन्ही लावतो, पण ठराविक भागापुरती सिलेक्टिव्ह टेस्ट किंवा चालू टेस्ट रद्द करणं तिथे होत नाही, कारण अॅपलच्या लायब्ररीत ती सोयच नाही.

दुसरं मशीन म्हणजे काय, तर कुठलाही जुना कॉम्प्युटर आणि पेनड्राइव्हवरचं उबुंटू. इन्स्टॉल न करता 'ट्राय'मध्ये चालवा. त्यातल्या 'डिस्क्स' या प्रोग्रामच्या मेनूत सेल्फ-टेस्टचा पर्याय असतो. यूएसबी डिस्कला तो बरेचदा फिका दिसतो. तेवढ्यावर थांबू नका, टर्मिनल उघडा. स्मार्टमॉनटूल्स बसवा आणि वरच्याच कमांड पुढे सुडो (अॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार देणारा शब्द) लावून द्या.

लिनक्सही अडवतो, हे मात्र माहीत असू द्या. यूएएस नावाच्या वेगवान यूएसबी पद्धतीत सीगेटच्या डिस्कना असे थेट निरोप पाठवणं लिनक्सच्या कर्नलने (गाभ्याने) आपणहून बंद ठेवलं आहे. तिथे यूएसबी-स्टोरेजच्या क्वर्क्समध्ये (अपवादांच्या यादीत) त्या डिस्कचा यूएसबी ओळख-नंबर आणि 'यू' अक्षर देऊन जुन्या पद्धतीवर आणावं लागतं. वेग थोडा कमी होतो, टेस्ट चालते. व्हर्च्युअल मशीनच्या (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरच्या) आतून मात्र प्रयत्न करू नका. तिथली डिस्क ही फक्त एक फाइल असते, तिला तब्येत नसते. एनव्हीएमई एसएसडीची (नव्या लॅपटॉपमधल्या वेगवान चिपवाल्या डिस्कची) सेल्फ-टेस्ट लावायची तर स्मार्टमॉनटूल्स ७.४ किंवा त्यानंतरचं हवं, त्याआधीच्या आवृत्तीत ती सोय नव्हती.

निकाल बघायला: स्मार्टसीटीएल, जागा, डॅश एल, जागा, सेल्फटेस्ट, जागा, डिस्कचं नाव. साटा डिस्कच्या या यादीत शेवटच्या २१ चाचण्या राहतात. 'कम्प्लीटेड विदाउट एरर' म्हणजे पास. 'रीड फेल्युअर' म्हणजे नापास, आणि शेजारी पहिल्या खराब जागेचा क्रमांक. तो एकच क्रमांक बघून "एकच सेक्टर गेलाय" असं समजू नका. टेस्ट पहिल्या चुकीलाच थांबते, पुढचं तिने वाचलेलंच नसतं. 'इंटरप्टेड' किंवा 'अबॉर्टेड बाय होस्ट' दिसलं तर झोप, रीसेट किंवा गेलेली वीज. ती टेस्ट पासही नाही आणि नापासही नाही. पुन्हा लावायची.

दादांच्या डिस्कच्या यादीत खालच्या, म्हणजे जुन्या, दोन ओळी 'इंटरप्टेड'च्या निघाल्या. त्यांच्या भाच्याने कधीतरी लॅपटॉपवर लावून बघितलेल्या. माझी सगळ्यात वरची ओळ: रीड फेल्युअर, ७० टक्के बाकी. लग्नाचं फोल्डर प्रतीत जवळजवळ पूर्ण आलं होतं, नऊ फोटो अर्धे करडे. मूळ कार्ड अजून पुसलेलं नव्हतं म्हणून तेही मिळाले.

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक डिस्कवर मी पांढरी पट्टी चिकटवते. तीवर पेनने तीन गोष्टी असतात: लाँग टेस्टची तारीख, निकाल, आणि डिस्क तोवर किती तास चालली. टेस्ट अर्धवट राहिली असेल तर निकालाची जागा कोरी ठेवते. कोऱ्या पट्टीची डिस्क घेऊन ते लग्नाला जात नाहीत.