म्हशीचं पोट आणि मिथेनचा प्लांट

डिप्लोमा झालेली पोरं फोन करतात, "दादा, कचऱ्यापासून वीज करायचं काम शिकायचंय, कोणता कोर्स लावू?" मीही मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन रावेरकडच्या एका बायोगॅस प्लांटवर लागलो होतो. सगळी विद्या जनरेटरच्या खोलीत आहे अशी माझी समजूत. ती पहिल्याच उन्हाळ्यात उतरली.

वादळात केळीच्या बागा आडव्या झाल्या आणि घडांनी भरलेल्या ट्रॉल्या दारात येऊन थांबल्या. फुकटचा माल. रोज टनभर खाणाऱ्या, माल कुजवून गॅस करणाऱ्या टाकीत मी चार दिवस तीन-तीन टन लोटले. दोन दिवस गॅसचं मीटर असं पळालं की मी घरी फुशारकी मारून आलो. तिसऱ्या दिवशी मीटर चालूच, पण इंजिन खोकायला लागलं आणि बंद पडलं. आंबटपणा मोजणारी पीएचची पट्टी बुडवली तर 5.5, आकडा जितका खाली तितकं आंबट. एरवी ती 7 च्या आसपास असते.

शेण कालवणारे बाबा बाजूला उभे होते. म्हणाले, "भाऊ, म्हशीले एकदम घमेलंभर पीठ चारलं त काय व्हतं?"

झालं होतं नेमकं तेच. पिठूळ, गोड मालाचं आम्ल करणारे जिवाणू घाईचे. त्या आम्लापासून मिथेन करणारे संथ, आणि आंबट झालं की ते कामच सोडतात. मीटरवर पळत होता तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड. चांगल्या बायोगॅसमध्ये मिथेन 55 ते 65 टक्के असतो, जळतो तेवढाच. मग खाणं बंद, थोडा थोडा चुना, ताज्या शेणाचा काला. टाकी मार्गी लागायला तीन आठवडे गेले. केळीचा खांब तर आणखी छळतो: बहुतेक पाणीच, आणि सोपटाचे धागे ढवळणीच्या दांड्याला असे गुंडाळतात की कोयत्यानं कापावे लागतात.

आता गणित. साधारण 25 किलो ताज्या शेणातून 1 घनमीटर गॅस, त्यातून दीड ते दोन युनिट वीज. पाच एचपीचा पंप चार तास चालवायला 15 युनिट लागतात, म्हणजे जवळपास दहा घनमीटर गॅस, वीस-पंचवीस जनावरांचं रोजचं शेण. दोन म्हशींवर मोटर चालवायची स्वप्नं इथंच विरतात. स्वयंपाकाला मात्र त्या दोन म्हशी छान पुरतात.

बायोगॅस म्हणजे "तेलाला पर्याय" हे शब्दही जपून वापरा. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात वीज कोळशावर होते. आपल्या ग्रिडमध्ये तेलाचा वाटा नगण्य. तेल वाचतं ते डिझेल पंपात आणि जनरेटरमध्ये. तिथंही जुनं डिझेल इंजिन नुसत्या गॅसवर पेटत नाही, ठिणगीपुरतं म्हणून 15-20 टक्के डिझेल लागतंच. गॅस शुद्ध करून, दाबून वाहनात भरायचं कामही आता वाढतंय. अशा गॅससाठीच्या केंद्राच्या 2018 च्या 'सतत' योजनेनंतर तिकडे नोकऱ्या निघू लागल्या.

कचरा सोडून पाण्यावरची वीज करावी म्हणाल, तर ती मला मनापासून आवडते, पण खानदेशात ती हट्टी आहे. सूत्र सोपं: 9.81 गुणिले प्रवाह गुणिले उंची. पाटाला सेकंदाला अर्धा घनमीटर पाणी आणि दोन मीटरची उडी मिळाली तर कागदावर 9.8 किलोवॅट, हाताशी सहा. पण पाट चालतो आवर्तनापुरता, आणि सातपुड्यातले बरेच ओढे उन्हाळ्याआधीच आटतात. बाकीचे महिने टर्बाइनकडे बघत बसायचं. आणि कुणी "पाण्यावर चालणारी गाडी" दाखवली तर चहा पिऊन घरी या. पाण्यातून किलोभर हायड्रोजन काढायला 50 युनिटच्या वर वीज जाते, त्याच्या पोटात ऊर्जा असते 33 युनिटची.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी शिका. रिकाम्या टाकीत एकट्यानं उतरायचं नाही, कुणी आत पडलं तरी मागोमाग उडी नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण तो जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणसं मेली आहेत.

कोर्सचं म्हणाल तर केमिकल, मेकॅनिकल, मायक्रोबायोलॉजी, काहीही चालतं. आयटीआयचा फिटरही उपाशी राहत नाही. पहिले सहा महिने कंट्रोल रूम मागू नका, खाणं घालायची पाळी मागा. आणि मुलाखतीत तुम्हीच विचारा, "माल बारा महिने कुठून येणार?" उत्तर "वापसीची, म्हणजे व्यापाऱ्यानं नाकारलेली, केळी मिळतातच की" असं आलं, तर पावसाळ्यात काय आणि बाजार बंद असताना काय, हेही विचारून घ्या.