साहेब नको, पण सही कुणाची?

महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या वीस-तीस माणसांच्या कंपनीतून मधले मॅनेजर काढायचे असतील, तर आधी एक वही करा. महिनाभर कुणाच्या तरी 'ओके'साठी अडकलेली कामं तारखेसकट लिहा. खरेदी, रजा, गिऱ्हाइकाला सूट, पगारवाढ. नोंदी बहुतेक यातल्याच निघतील.

सुरुवात खरेदीपासून करा, तिथली चूक निदान रुपयांत मोजता येते. नमुन्यादाखल: ५,००० रुपयांपर्यंत ज्याला गरज त्याने घ्यावं आणि बिल अकाउंटला द्यावं. ५०,०००पर्यंत दोघांना विचारावं: एक त्या वस्तूतला जाणकार, दुसरा ज्याच्या कामावर परिणाम होणार तो. ही परवानगी नव्हे, सल्ला. निर्णय विचारणाऱ्याचाच, कारण मात्र वहीत दोन ओळींत. त्यापुढे मालकाची सही. 'सगळ्यांचं एकमत झाल्यावर' असा नियम केलात तर साधा प्रिंटरही महिनाभर येणार नाही.

गट बाराच्या पुढे जाऊ देऊ नका. नेदरलँड्समध्ये २००६ साली सुरू झालेल्या ब्युर्टझोर्ग या घरपोच शुश्रूषेच्या संस्थेत जास्तीत जास्त बारा जणांचे गट स्वतःच वेळापत्रक लावतात. मदतीला प्रशिक्षक असतो, साहेब नसतो. हिशेब सरळ आहे. बारा माणसांत ६६ जोड्या होतात, चाळिसांत ७८०. टपरीवर चहा पिताना ठरलेलं बारा जणांना कळतं, चाळिसांना नाही.

मोडतं कुठे? रविवारी संध्याकाळी गिऱ्हाइकाचा मेसेज येतो, 'मशीन बंद आहे'. ग्रुपवर पाच अंगठे पडतात आणि सोमवारी दहा वाजेपर्यंत फोन कुणीच केलेला नसतो. म्हणून आठवड्याची पाळी लावा. एकच नाव, फळ्यावर, मोबाइल नंबरासकट.

दुसरी कीड दिसत नाही. हुद्दा गेला तरी वजन जात नाही: मालकाच्या गाडीतून रोज ठाण्यापर्यंत जाणाऱ्याचं मत आपोआप जड होतं. बैठकीत सर्वांत नव्या माणसाला आधी बोलू द्या, मालकाने शेवटी बोलावं. पगारवाढीसाठी तिघांची समिती दरवर्षी बदला, निकष आधी लेखी द्या.

आणि शिडीच नसली की माणसं जातात. अमेरिकेतल्या झॅपोस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या कंपनीने २०१५ मध्ये 'ही बिनसाहेबांची पद्धत नको असेल तर पैसे घेऊन निघा' म्हटल्यावर सुमारे १४ टक्के कर्मचारी निघाले. आपल्याकडे तर लग्नाच्या बायोडेटात हुद्दा काय लिहायचा, हाही प्रश्न असतो. कौशल्यानुसार श्रेणी ठेवा, तिला पगार जोडा. हुकूम चालवायचा हक्क जोडू नका.

कायद्याला मात्र नावं लागतात. कारखान्याला भोगवटादार (ज्याच्या हाती कारखान्याचा अंतिम ताबा तो) आणि व्यवस्थापक दाखवावाच लागतो. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असले की अंतर्गत समिती हवी, आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिलाच. ही नावं वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.