'२००१: अ स्पेस ओडिसी' घरी लावायचाय? मग एवढं करा

सुरुवातीला जवळजवळ तीन मिनिटं पडदा काळाच राहतो आणि नुसतं संगीत वाजतं. टीव्ही बिघडलेला नाही, रिमोट खाली ठेवा. जेवणं आधीच उरका, कारण सिनेमा अडीच तासांचा आहे. मध्ये रीतसर मध्यंतर आहे, चहा तेव्हाच. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

पहिली पंचवीसेक मिनिटं एकही संवाद नाही, सगळी माकडं. आमच्याकडची निम्मी मंडळी इथेच गळतात. त्यांना सांगा, हाताकडे बघा. सांगाड्यापाशी बसलेला एक जण लांब हाड उचलतो. आधी उगाच टकटक करतो, मग हाताला जोर चढत जातो आणि कवटीचे तुकडे उडतात. पुढे ते हाड आकाशात भिरकावलं जातं, तेव्हा पापणी लवू देऊ नका, लाखो वर्षं हुकतील! हाडाच्या जागी दिसणारं यान मुळात अण्वस्त्र म्हणूनच कल्पलेलं होतं. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकनं सिनेमात ते सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगून टाकते.

अवकाशयानात तरंगणारं पेन जरूर बघा. साल १९६८, संगणकावर चित्रं करायची सोय नाही. पेन काचेला चिकटवून काच फिरवली, बस्स. हवाईसुंदरी ते हलकेच ओढून काढते.

मग येतो हॅल, यानाचा संगणक. इथे कान उघडे ठेवा. वाढदिवसाला आईवडिलांचा संदेश येतो तरी अंतराळवीराच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, आणि भीती वाटते ती हॅलला. मला तर सगळ्यांत जास्त माणूस तोच वाटतो. बंद पडताना तो 'डेझी बेल' गातो. १९६१ साली बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत एका आयबीएम संगणकाकडून हेच गाणं गाऊन घेतलं होतं आणि सहलेखक आर्थर सी. क्लार्क यांनी ते पुढे तिथे ऐकलंही होतं.

शेवटची वीसेक मिनिटं पुन्हा संवाद नाहीत, नुसता रंगांचा लोट आणि मग ती पांढरी खोली. शेजारून "म्हणजे काय झालं?" आलं तर गप्प बसा. इंटरनेटवरचे खुलासे त्या रात्री तरी नकोत. फारच चुटपुट लागली तर क्लार्क यांची कादंबरी वाचा, तिथे बरंच उलगडून सांगितलंय. फक्त त्यात यान शनीकडे जातं आणि सिनेमात गुरूकडे, कारण पडद्यावर शनीची कडी पटण्यासारखी जमेनात.