गोरखचिंच मोजायला निघण्याआधी

टेप तीस मीटरचा हवा, फायबरग्लासचा. गेल्या खेपेला मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दीड मीटरचा टेप उचलून मध्य प्रदेशातल्या मांडूला गेलो आणि घेर मोजायला एका गोरखचिंचेच्या, म्हणजे बाओबाबच्या, बुंध्याला तो सहा वेळा लावत बसलो. मेहुण्याने उलट्या बाजूने मोजलं तर हातभर फरक! मागच्या बाजूला टेप खाली घसरला होता आणि आम्हा दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. म्हणून माणसं किमान तीन हवीत: दोघं टेप धरायला, तिसरा सबंध फेरी मारून टेप सगळीकडे सारख्या उंचीवर आहे ना ते बघायला.

एक बांबूची काठी घ्या आणि तिच्यावर १.३७ मीटरला ठळक खूण करा. घेर याच उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर, मोजायची आपल्याकडे रीत आहे. जमीन उतरती असेल तर काठी चढाच्या बाजूला टेकवा. नेमकी तिथेच गाठ आली किंवा फांदी फुटली, तर थोडं खाली, बुंधा सर्वांत बारीक असेल तिथे मोजा आणि ती उंची वहीत लिहा. नुसता आकडा लिहिलात तर पुढच्या वर्षी टेप कुठे लावायचा ते कुणालाच कळणार नाही. काठी बुंध्याला टेकवून फोटो काढलात की निम्मं काम झालं. खुणेसाठी खडू, खिळा किंवा चाकू पिशवीतसुद्धा नको.

उंचीसाठी दुसरी, छोटी काठी. हात ताठ धरल्यावर डोळ्यापासून मुठीपर्यंत जितकं अंतर, तितकीच ती मुठीच्या वर राहू द्या. मग मूठ बुंध्याच्या तळाशी आणि टोक शेंड्याशी जुळेपर्यंत मागे सरका. सपाट जमिनीवर तुमचं झाडापासूनचं अंतर तीच उंची. मोबाईलच्या ॲपवर माझा फारसा भरवसा नाही. पसरट झाडाजवळ उभं राहिलं की आपल्याकडे झुकलेली फांदीच शेंडा वाटते आणि उंची फुगते. रविवारी इथे इंदूरच्या रेसिडेन्सी भागातल्या एखाद्या पिंपळावर हात बसवून घ्या.

तारीख विसरू नका. गोरखचिंच खोडात पाणी साठवते, त्यामुळे पावसाळ्यानंतरचा घेर आणि उन्हाळ्यातला घेर एकच असेलसं नाही. पानं गळलेल्या दिवसांत शेंडा स्वच्छ दिसतो, म्हणून मी मार्च धरतो. घेरावरून वय मात्र काढू नका. हे झाड मूळ आफ्रिकेतलं. अनेक खोडं एकमेकांत मिसळून एक बुंधा होतो, बऱ्याचदा आतून पोकळ. गावकऱ्यांनी सांगितलेलं वय लिहायचं तर ‘असं सांगतात’ म्हणून लिहा.

झाड शेतात असेल तर आधी राम राम, मग टेप. वास्तूंच्या आवारात किंवा वनखात्याच्या हद्दीत रीतसर विचारून घ्या. पाणी, टोपी, बंद बूट हे आलंच. मांडू इंदूरहून साधारण शंभर किलोमीटर, तेव्हा पाचला निघा, पोहे वाटेत.

आणि एक रिकामी पिशवी. मांडूत रस्त्याकडेला ही चिंच विकायला असते, मखमली कवचाची. आतला पांढरा गर कोरडा नि आंबट असतो. आमच्या आईने पहिल्यांदा चाखून तोंड वेडंवाकडं केलं आणि लगेच दुसरी फोड मागितली.