तर्कावर किती विसंबावं? अनुमान तपासायची रीत

मोटर चालू आहे, पाणी येत नाही, म्हणजे विहीर आटली. एप्रिल-मे महिन्यात हे वाक्य कुणाच्याही तोंडून सहज निघतं आणि लगेच आडवं बोअर मारायची नाहीतर गाळ काढायची बोलणी सुरू होतात. वाक्यात तर्क आहे, पण त्यातून विहिरीबद्दल खरं काही कळलं का?

तर्कानं वास्तव कळतं की नाही, या प्रश्नाला सरसकट उत्तर देऊन काही हाती लागत नाही. समोरचं एखादं ठरावीक अनुमान किती भरवशाचं आहे, हे मात्र तपासता येतं. ही तपासणी आपल्याकडे न्यायशास्त्रानं, म्हणजे ज्ञान कशानं होतं याची चिकित्सा करणाऱ्या जुन्या भारतीय दर्शनानं, फार बारकाईनं बांधून ठेवली आहे: गौतमाच्या न्यायसूत्रांत तिचा पाया आहे, चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशानं ‘तत्त्वचिंतामणी’त तिला धार लावली आणि सतराव्या शतकात अन्नंभट्टानं ‘तर्कसंग्रह’ या छोट्या पुस्तकात ती नवशिक्यांसाठी मांडली. खालची रीत मुख्यतः तिथूनच घेतली आहे. एक कागद आणि पेन पुरेल.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. न्यायशास्त्रात ज्ञानाची साधनं चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (सारखेपणावरून ओळखणं) आणि शब्द (भरवशाच्या माणसाचं सांगणं). यांत ‘तर्क’ नाही! ज्या पुस्तकाच्या नावातच तर्क आहे, तो तर्कसंग्रहही तर्काला संशय आणि भ्रम यांच्या पंगतीला, अयथार्थ, म्हणजे वस्तुस्थितीशी न जुळणाऱ्या, अनुभवात बसवतो. कारण सरळ आहे. ‘आग नसती तर धूरही नसता’ हा तर्क. त्याची सुरुवातच जे नाही ते घटकाभर आहे असं मानून होते. शंका दूर करायला तो उपयोगी पडतो, पण पुरावा म्हणून उभं राहतं ते प्रत्यक्षावर टेकलेलं अनुमान. ‘लॉजिकली बरोबर आहे’ असं कुणी म्हणालं की हा फरक आठवावा.

पाच वाक्यांत लिहून काढा

डोक्यातल्या डोक्यात अनुमान तपासू नका, तिथे त्याच्या फटी दिसत नाहीत. कागदावर पाच वाक्यं लिहा.

प्रतिज्ञा: ही विहीर आटली आहे.
हेतू: कारण मोटर चालू असून पाणी येत नाही.
उदाहरण: जिथे जिथे मोटर चालू असून पाणी येत नाही, तिथे तिथे विहीर आटलेली असते, जशी गेल्या उन्हाळ्यात बांधापलीकडची विहीर.
उपनय: इथेही मोटर चालू असून पाणी येत नाही.
निगमन: म्हणून ही विहीर आटली आहे.

जिच्याबद्दल बोलतोय ती विहीर हा पक्ष, आटलेली असणं हे साध्य. सगळी मेख तिसऱ्या वाक्यात आहे. बोलताना आपण नेमकं तेच गाळतो. लिहिताना ‘जिथे जिथे’ हे शब्द हातून उमटले की बहुतेक वेळा लिहिणाराच थबकतो. या ‘जिथे जिथे’ला व्याप्ती म्हणतात.

ग्रीक परंपरेतला संवाक्य (सिलॉजिझम) तीन वाक्यांत भागतो आणि त्याला उदाहरण लागत नाही. ‘सगळे मासे उडतात, पापलेट हा मासा आहे, म्हणून पापलेट उडतं’ हा तिथे आकारानं निर्दोष ठरतो, मग त्याची विधानं खरी आहेत का, हा वेगळा प्रश्न. न्यायशास्त्र मात्र दोन्ही बाजूंना मान्य असलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं उदाहरण मागतं, म्हणून उडणारं पापलेट तिसऱ्या वाक्यातच अडकतं. गणिताला आकाराची शुद्धता हवीच, पण रोजच्या विचारासाठी उदाहरण मागायची सवय जास्त कामाची आहे.

हेतू जागेवर आहे का ते पाहा

न्यायशास्त्राचं नेहमीचं अनुमान आहे: डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे आग आहे. पण दिसतंय तो धूर आहे की धुकं, की धुळीचा लोट? हेतूच पक्षावर नसेल तर पुढची वाक्यं कितीही चांगली असोत, अनुमान असिद्ध.

विहिरीच्या बाबतीत हेतूचा पहिला अर्धा भाग आहे ‘मोटर चालू आहे’. हे कशावरून ठरवलं? घुमण्याच्या आवाजावरून? सिंगल फेज मोटरचा कपॅसिटर गेला तर ती नुसती घुमते, फिरत नाही. थ्री फेज मोटरला दोन फेजची अदलाबदल झाली तर ती उलटी फिरते, आवाज नेहमीसारखाच येतो, पण पंप पाणी टाकत नाही किंवा अगदी थोडं टाकतो. म्हणून पंपाच्या अंगावरचा बाण पाहावा आणि मोटर बंद करून पंखा थांबता थांबता कोणत्या बाजूला फिरतोय ते बघावं. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. इथेच अनेक ‘आटलेल्या’ विहिरींचा निकाल लागतो.

व्याप्ती फोडून पाहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. अनुमानं बहुतांशी इथेच फसतात.

जिथे धूर तिथे आग, हे टिकतं. जिथे आग तिथे धूर, हे टिकत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडी गोळा बघा: आग आहे, धुराचा मागमूस नाही. मग चुलीत आगीबरोबर धूर का दिसतो? लाकूड ओलं असतं म्हणून. आगीच्या पाठीशी लपलेल्या या ओल्या लाकडाला न्यायशास्त्र उपाधी म्हणतं. उपाधी हुडकायचे दोन प्रश्न आहेत:

साध्य जिथे जिथे असतं, तिथे ही गोष्ट असतेच का?
हेतू जिथे जिथे असतो, तिथे ही गोष्ट असतेच का?

पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ आलं, की उपाधी सापडली आणि अनुमान पडलं. धूर जिथे आहे तिथे ओलं सरपण असतंच. आग जिथे आहे तिथे ते असेलच असं नाही.

आता विहीर घ्या. काठावर मोनोब्लॉक पंप, खाली सक्शन पाइप, त्याच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह (पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरू न देणारी झडप), अशी जोडणी धरू. (सबमर्सिबल असेल तर तपासणी वेगळी.) इथली उपाधी आहे ‘फूट व्हॉल्व्ह पाण्याच्या वर उघडा पडणं’. विहीर आटली असेल तर तो उघडा पडलेला असणारच. पण मोटर चालू असून पाणी येत नाही अशा प्रत्येक ठिकाणी तो उघडा असतो का? नाही. तो पाण्यात बुडालेला असूनही पंपात हवा धरली असेल, फूट व्हॉल्व्हच्या झडपेत काडीकचरा अडकून पाइपातलं पाणी उतरून गेलं असेल, सक्शनच्या जोडातून हवा ओढली जात असेल. म्हणजे अनुमान पडलं, आणि पडता पडता नेमकं काय पाहायचं तेही सांगून गेलं. दोरीला दगड बांधा, विहिरीत सोडा, वर ओढून दोरी किती ओली झाली ते मोजा. उपाधीच्या शोधाचा हाच मोठा फायदा आहे.

‘पण असं शंभरदा पाहिलंय’ हा युक्तिवाद इथे हमखास येतो. अन्नंभट्टानं त्याचा विचार स्वतःच्या टीकेत केला आहे. मातीच्या जातीची वस्तू लोखंडानं ओरखडली जाते, हे शेकडो वेळा पाहिलेलं असतं. मग हिरा समोर येतो. न्यायाच्या वर्गीकरणात तोही पार्थिवच, पण लोखंडाचा ओरखडा त्याच्यावर उमटत नाही. शंभर साक्षी एका हिऱ्यापुढे फिक्या पडतात. म्हणून उदाहरणांची संख्या वाढवत बसू नका, उलटं उदाहरण जिथे असण्याची शक्यता आहे तिथे जाऊन शोधा. ती जागा बहुधा आपल्या अनुभवाच्या कडेला असते.

याचा दाखला पंपाच्याच इतिहासात आहे. निसर्गाला पोकळी खपत नाही, म्हणून पोकळी झाली की पाणी वर चढतं, ही व्याप्ती युरोपात अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेनं शतकानुशतकं सांभाळली होती. आखूड पंपांवर ती रोज खरी ठरायची. खोल पंपांवर पाणी सुमारे दहा मीटरपाशी अडतं, हा अनुभव गॅलिलिओनं १६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथात नोंदवला. १६४४ मध्ये तोरिचेल्लीनं काचेच्या नळीत पारा घेऊन दाखवलं की तो साधारण ७६ सेंटिमीटरवर थांबतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. गुणाकार केला की १०.३ मीटर येतात, पाण्याची नेमकी तीच हद्द. १६४८ मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्यानं ही नळी फ्रान्समधल्या प्यूय द दोम डोंगरावर नेली. माथ्यावर पारा सुमारे आठ सेंटिमीटरनी उतरला. पाण्याला वर ढकलणारा हवेचा दाब होता, पोकळीचा तिटकारा नव्हे. काठावरच्या पंपाची सक्शन उंची आजही प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या आत ठेवतात ती याच कारणानं. जुन्या व्याप्तीची सगळी उदाहरणं दहा मीटरच्या आतली होती, एवढंच तिचं बळ.

बाकीचे हेत्वाभास

हेत्वाभास म्हणजे हेतूसारखा दिसणारा, पण सदोष हेतू. उरलेल्यांना फार वेळ लागत नाही. हेतू साध्याच्या उलटच सिद्ध करत असेल तर तो विरुद्ध. तेवढ्याच ताकदीचा दुसरा हेतू उलट निष्कर्ष देत असेल तर सत्प्रतिपक्ष, तेव्हा दोन्ही बाजूला ठेवून आणखी माहिती गोळा करायची. आणि निष्कर्ष दुसऱ्या भक्कम प्रमाणानं आधीच खोटा ठरलेला असेल तर बाधित. याचं ठेवणीतलं उदाहरण: आग थंड असते, कारण ती द्रव्य आहे, जसं पाणी. पाचही वाक्यं जागच्या जागी आहेत, आणि विस्तवाजवळ हात नेला की सगळं संपतं. फक्त बाध आणणारं प्रत्यक्षही तपासलेलं असावं. पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते, तीही डोळ्यांनाच.

न लिहिलेलं गृहीतक लिहा

आतापर्यंतच्या चाळण्यांतून सुटणारी एक चूक उरते. व्याप्ती ज्या सिद्धांतावर उभी असते, तो इतका ओळखीचा असतो की त्याचा उल्लेखच होत नाही.

युरेनस ग्रह १७८१ मध्ये सापडला, पण न्यूटनच्या नियमानं काढलेल्या वाटेवरून तो चालेना. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरियेनं अनुमान केलं की पलीकडचा एखादा अदृश्य ग्रह त्याला ओढतोय, आणि तो आकाशात कुठे असेल तेही गणितानं सांगितलं. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गालेनं दुर्बीण लावली. सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून होता.

पुढे बुधही हिशेबात बसेना. त्याच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू शतकात ४३ विकलांनी जास्त सरकतो. एका अंशात ३६०० विकला असतात, म्हणजे हा फरक एक अंश भरायला सुमारे ८४ शतकं लागतील, इतका बारीक. १८५९ मध्ये ल व्हेरियेनं तोच हेतू, तीच व्याप्ती, तेच उदाहरण धरून सांगितलं की सूर्याजवळ आणखी काही न दिसणारं वस्तुमान आहे. कल्पिलेल्या ग्रहाला व्हल्कन असं नावही पडलं. खग्रास ग्रहणांत त्याचा शोध झाला. तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतातून ते ४३ विकला आपोआप निघाले.

दोन्ही वेळी अनुमान करणारा माणूस एकच होता आणि त्याच्या गणिताला नावं ठेवायला जागा नाही. न लिहिलेलं वाक्य होतं ‘न्यूटनचा नियम इथेही हव्या तेवढ्या अचूकतेनं लागू आहे’. युरेनसपाशी ते पुरेसं खरं होतं, सूर्याच्या इतक्या जवळ नव्हतं. म्हणून पाच वाक्यांखाली सहावी ओळ लिहा: हे सगळं कशाच्या भरवशावर? त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश, याखालची ओळ आहे ‘पृष्ठ सपाट असेल तर’. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून दोन रेखावृत्तं ९० अंशांच्या अंतरानं विषुववृत्तापर्यंत आणा, तीन काटकोन मिळतील, बेरीज २७०.

ल व्हेरियेकडून घेण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही वेळा त्याचं अनुमान तपासता येण्याजोगं होतं, म्हणून एक खरं ठरू शकलं आणि दुसरं खोटं. कुठे पाहायचं हेच जे अनुमान सांगत नाही, त्याची वाक्यं परत लिहा.

शंका कुठे थांबवायची

प्रत्यक्षाशिवाय दुसरं साधन न मानणाऱ्या चार्वाकांचा आक्षेप खरोखर जड आहे: सगळ्या काळातले, सगळ्या ठिकाणचे धूर कुणी पाहिलेत? मग ‘जिथे जिथे’ म्हणायचा अधिकार कुठून आला? न्यायशास्त्राच्या बाजूनं दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्यांचं उत्तर असं की शंकेला हद्द असते, आणि आपल्याच वागण्याशी विरोध येतो तिथे ती हद्द येते. धूर हवा म्हणून जो नेमानं आग पेटवतो, त्याला धूर आगीपासून होतो याची खरी शंका नसते. बाराव्या शतकात वेदान्ती श्रीहर्षानं हेही उत्तर उलटवलं. विरोध येतो म्हणता, तर विरोधासाठी शंका आधी असावीच लागते, मग तो शंकेची हद्द कसा? पुढे गंगेशाला यावर बरंच लिहावं लागलं.

कामापुरता नियम यातून निघतो. ज्या शंकेपाठीमागे एखादा हिरा, एखादा लाल गोळा दाखवता येतो, तिच्यासाठी थांबा आणि तपासा. ‘काहीही असू शकतं’ एवढंच जिचं म्हणणं आहे, तिची नोंद करा आणि पुढे चला. निष्कर्षासमोर मात्र ‘नक्की’ न लिहिता, तो कोणत्या पाहणीवर उभा आहे ते लिहा.

दोरी वर आली आणि फूट व्हॉल्व्हच्याही वर दोन मीटर पाणी निघालं, असं समजा. ‘विहीर आटली’ ही प्रतिज्ञा बाधित झाली, ती खोडा. नवी लिहा: फूट व्हॉल्व्ह गळतो. मोटर बंद ठेवून डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह मिटा, पंप पाण्यानं तोंडापर्यंत भरा आणि दहा मिनिटं थांबा. पाणी खाली उतरलं तर हेतू पक्का झाला. पण लगेच पाइप काढायला घेऊ नका, कारण सक्शनचा जोड गळत असला तरी पाणी उतरतंच. आधी जोडाभोवती ओल आहे का ते हात फिरवून पाहा.